कच्चा कैदी: खटला न चालता वर्षं कशी जातात, आणि कोणाच्या सहीने

२०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार जणांवरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. म्हणजे आत असलेल्या दर चार माणसांतली तीन. त्यातही अकरा हजारांहून जास्त जणांनी अशा अवस्थेत पाच वर्षं ओलांडली होती.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भीमा कोरेगाव प्रकरणातल्या दोन आरोपींना जामीन दिला. ते जून २०१८ पासून आत होते. साडेसहा वर्षांत खटला सुरू व्हायची पहिली पायरी, म्हणजे आरोप निश्चित करणं, हीसुद्धा झाली नव्हती. साक्षीदारांची यादी मात्र तीनशेच्या वर होती. अशा बातम्या वाचल्या की साधा प्रश्न पडतो: चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करायला हवं असं राज्यघटना सांगते, तर मग मधली सहा वर्षं कायदेशीर कशी ठरतात?

ती एकदम ठरत नाहीत, तुकड्यातुकड्याने ठरतात, आणि प्रत्येक तुकड्याखाली कुणाची तरी सही असते. ह्या सह्या कुठे होतात ते कळलं की जबाबदारी कुणाकडे मागायची तेही कळतं.

कच्चा आणि पक्का

तुरुंगाच्या भाषेत शिक्षा झालेला तो पक्का कैदी आणि खटला बाकी असलेला तो कच्चा कैदी. सरकारी कागदावर त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. पक्क्याला आपली तारीख ठाऊक असते: इतकी शिक्षा, इतकी माफी, अमुक दिवशी सुटका. कच्च्याला फक्त पुढच्या सुनावणीची तारीख ठाऊक असते.

त्याला आत ठेवायची कारणं कायद्याने मोजकीच मान्य केली आहेत. तो पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांवर दबाव आणेल किंवा पुन्हा गुन्हा करेल, अशी खरोखरची भीती असावी लागते. गुन्हा वाईट आहे म्हणून अद्दल घडवण्यासाठी ही कोठडी नाही. अद्दल निकालानंतर. लोकांच्या मनात गल्लत होते ती इथेच, आणि कोठडी वाढवणाऱ्यांनाही ही गल्लत सोयीची पडते.

पहिले चोवीस तास, मग साठ किंवा नव्वद दिवस

अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं बंधनकारक आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत तर आधी अटक गरजेची होती का, हेच पोलिसांनी लेखी दाखवायचं असतं. एरवी नोटीस देऊन चौकशीला बोलावणं पुरेसं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे घालून दिलं आणि पुढे एक पाऊल टाकलं. कारण न नोंदवता अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई आणि अवमानाची कारवाई, तसंच कारण न नोंदवता कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर उच्च न्यायालयाकडून खातेनिहाय कारवाई होऊ शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि ती रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात पडली पाहिजेत.

रिमांड म्हणजे कोठडीची न्यायालयीन परवानगी. पोलीस कोठडी संपली की न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. ही परवानगी एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवसांची असते, म्हणून दर चौदा-पंधरा दिवसांनी नवी सही लागते. प्रत्येक सहीच्या वेळी ‘हा माणूस अजून आत का हवा?’ हा प्रश्न विचारला जाणं अपेक्षित आहे. प्रत्यक्षात पन्नास-साठ प्रकरणांच्या बोर्डावर ‘मुदत वाढवली’ एवढाच शेरा पडतो. आरोपी तुरुंगातल्या पडद्यावर दोन मिनिटं दिसतो, कधी तेवढंही नाही.

तपासाला मात्र कायद्याने मुदत बांधून दिली आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस आणि बाकीच्यांत ६० दिवस. तेवढ्यात पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन मिळणं हा आरोपीचा हक्क बनतो. वकील ह्याला डिफॉल्ट जामीन म्हणतात. इथे गुन्हा किती गंभीर, पुरावा किती पक्का, हे काहीच पाहिलं जात नाही.

मोजणी नेमकी हवी. दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून मोजायचे, आणि तो रिमांडचा दिवस धरून. पहिला रिमांड १ मार्चला झाला असेल, तर साठावा दिवस २९ एप्रिल आणि हक्क उगवतो ३० एप्रिलला. तो आपोआप पदरात पडत नाही, अर्ज करावा लागतो. ३० तारखेला सकाळी अर्ज दिला आणि दुपारी दोषारोपपत्र आलं, तरी हक्क शाबूत. अर्ज द्यायला २ मे उजाडला आणि पोलिसांनी १ मे रोजी कागद दाखल केलेले असले, तर हक्क गेला. वकील नसलेल्या किंवा वकिलाला दिवस मोजायला सवड नसलेल्या माणसाचा हा हक्क असाच गुपचूप निसटतो.

पतसंस्थेचा जामीनदार आणि कोर्टाचा जामीनदार

‘जामीन मिळाला’ म्हणजे ‘सुटला’ असं आपण धरून चालतो. पतसंस्थेतून कर्ज काढलेल्या माणसाला ह्यातला फरक लगेच कळेल. कर्ज मंजूर झालं तरी पैसे हातात कधी पडतात? दोन जामीनदार सह्या करतात तेव्हा. आणि जामीनदार कोण चालतो? ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठी किंवा सातबारा आहे तो. कोर्टातही तेच. हुकूम लिहिला जातो: अमुक रकमेचा जातमुचलका, म्हणजे आरोपीचं स्वतःचं लेखी हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा दोन सक्षम जामीनदार. मग जामीनदाराचं रेशनकार्ड, आधार, मालमत्तेचा कागद, तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला आणि पडताळणी. पुण्यात पकडलेल्या नांदेडच्या किंवा झारखंडच्या मजुरासाठी पुण्यात घरदार असलेला कोण उभा राहणार?

हा पेच जुना आहे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाने तयारी दाखवली तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्या. कृष्णा अय्यर यांनी तो हुकूम रद्द करून रक्कम हजारावर आणली आणि बजावलं की गरिबाला न झेपणारी रक्कम मागणं म्हणजे जामीन नाकारणंच. पुढच्या वर्षी हुसैनारा खातून खटला आला. बिहारच्या तुरुंगांत, दोषी ठरले असते तरी जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ खटल्याविना पडून असलेले लोक होते. त्यांच्यावरचे वृत्तपत्रातले लेख वाचून वकील कपिला हिंगोरानी न्यायालयात गेल्या. जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्या. भगवती यांनी तिथे स्पष्ट केलं आणि हजारो कच्चे कैदी बाहेर आले.

आज ह्या पेचातून निघायच्या वाटा कागदावर आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस गरीब आहे असं गृहीत धरून जातमुचलक्यावर सोडायचं. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभर हमी भरता आली नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करायचा. ह्यातली पहिली तरतूद कायद्यातलीच आहे, पुढचे दोन सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे आदेश आहेत. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी मदत योजना आणली, तिच्यात सुरुवातीला कच्च्या कैद्यामागे चाळीस हजार रुपयांपर्यंतची सोय होती. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए (बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायदा) ह्या कायद्यांखालचे आरोपी तिच्यातून वगळले आहेत. महाराष्ट्रातल्या कोर्टांत जामीनदार शोधायला काही आठवडे मिळावेत म्हणून तात्पुरता रोख जामीनही देतात. तो मागावा मात्र लागतो.

दोषारोपपत्र आल्यावर घड्याळ का बंद पडतं

साठ-नव्वद दिवसांचा धाक दोषारोपपत्राबरोबर संपतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुलै २०२४ पासून) पुढच्या टप्प्यांनाही मुदती आहेत. आरोपांवरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत आरोप निश्चित करायचे, दोनपेक्षा जास्त तहकुब्या द्यायच्या नाहीत. पण ह्या मुदती मोडल्या तर कुणावर काय, ते लिहिलेलं नाही. डिफॉल्ट जामिनाची मुदत पोलीस पाळतात, कारण चुकली की आरोपी सुटतो. बाकीच्या मुदतींना तो धाक नाही.

मग अडतं कुठे? सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा रासायनिक विश्लेषण अहवाल, आलेला नसतो. सहआरोपींपैकी एक गैरहजर, म्हणून सगळ्यांचीच तारीख पुढे. कैदी पार्टी, म्हणजे कैद्याला कोर्टात नेणारे पोलीस, मिळत नाहीत. गणेशोत्सव किंवा निवडणूक असली की ते मनुष्यबळ बंदोबस्ताला जातं. साक्षीदार असलेला तपास अधिकारी बदलून गेलेला असतो आणि त्याला समन्स पोहोचत नाही. साक्षीदार हजर तर न्यायाधीश रजेवर. प्रत्येक कारण एकेकटं पाहिलं तर समजण्याजोगं आहे. त्यांची बेरीज मात्र कुणाच्याच टेबलावर नसते.

ही बेरीज करायची म्हणून कायद्याने एक कलम दिलं. जुन्या संहितेत ते ४३६-अ होतं, आता ४७९ आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन. पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या पहिलटकराला एक तृतीयांश काळानंतर. कमाल तीन वर्षांच्या चोरीत पहिलटकराला एक वर्ष, इतरांना दीड. सात वर्षांच्या गुन्ह्यात दोन वर्षं चार महिने, किंवा साडेतीन वर्षं. निम्म्यानंतरही आत ठेवायचं तर न्यायाधीशाला लेखी कारण द्यावं लागतं, आणि कमाल शिक्षेपलीकडे तर कुठल्याच परिस्थितीत ठेवता येत नाही. आरोपीने स्वतः घडवलेली दिरंगाई हिशेबातून वजा होते. महत्त्वाचं म्हणजे हा काळ भरला की न्यायालयाला लेखी कळवणं ही तुरुंग अधीक्षकाची जबाबदारी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचं मान्य केलं.

दोन भोकं मात्र मोठी आहेत. जन्मठेप किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांना हे कलम लागू नाही. दुसरं, एकाहून अधिक गुन्ह्यांत किंवा अनेक प्रकरणांत तपास वा खटला चालू असेल तर ते लागत नाही. आपल्याकडे बहुतेक एफआयआरमध्ये चार-पाच कलमं एकत्र लावलेली असतात. शब्दशः वाचलं तर ही सवलत ज्याच्यासाठी आहे त्याच्याच हातून जाते. माझ्या मते हे पोटकलम बदलायला हवं.

कडक कायदे

यूएपीए आणि मकोका (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) ह्या कायद्यांत ९० दिवसांची मुदत १८० पर्यंत वाढवता येते. त्यासाठी तपास किती झाला आणि आणखी कोठडी का हवी, याचा अहवाल सरकारी वकिलाने स्वतः डोकं लावून द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याचं पत्र नुसतं पुढे सरकवून भागत नाही. यूएपीएमध्ये दोषारोपपत्रावरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. म्हणजे बचाव पक्षाने उलटतपासणी घेण्याआधीच पोलिसांच्या कागदावर विश्वास ठेवायचा आणि त्या जोरावर माणसाला वर्षं काढायला लावायची. भीमा कोरेगाव प्रकरणातलेच एक आरोपी फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली आणि जुलै २०२१ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावरच्या आरोपांचा निकाल लागलाच नाही.

२०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ह्यात फट पाडली: खटला लवकर संपायची शक्यता नसेल आणि बराच काळ आत गेला असेल, तर कडक कायदाही घटनात्मक न्यायालयांना अडवू शकत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईतल्या बनावट नोटांच्या प्रकरणात चार वर्षं आरोपही निश्चित न झालेल्या माणसाला जामीन देताना न्यायालयाने सरकारी यंत्रणेला सुनावलं: जलद खटला देता येत नसेल, तर गुन्हा गंभीर आहे म्हणून जामिनाला विरोध करू नका. तरीही प्रत्येक आरोपीला हे वेगवेगळं, वर जाऊन, खर्च करून मिळवावं लागतं.

आणि खटलाच नसलेली कैद वेगळी. महाराष्ट्रात एमपीडीए कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी एखाद्याला ‘धोकादायक व्यक्ती’ ठरवून बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू शकतात. तिथे सल्लागार मंडळ असतं, खटला नसतो. असा आदेश उच्च न्यायालयात रद्द झाला तरी तोवर गेलेले महिने परत येत नाहीत.

हुकूम झाला, पण दार उघडलं नाही

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाचे कागद टाकायची पेटी असे. ती उघडायच्या ठरल्या वेळेनंतर कागद पोहोचला की सुटका दुसऱ्या दिवसावर. आता हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगाला पाठवायचा नियम आहे. पण गुजरातमध्ये शिक्षेला स्थगिती मिळालेला एक कैदी आणखी जवळपास तीन वर्षं आत राहिला, कारण न्यायालयाच्या ईमेलसोबतची फाइल तुरुंगात उघडली गेली नाही. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला एक लाख रुपये द्यायला लावले. गाझियाबादमध्ये सुटकेच्या हुकमात कलम होतं पण पोटकलम लिहिलेलं नव्हतं, तेवढ्यावर एकाला २८ दिवस जास्त ठेवलं. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला पाच लाख रुपये अंतरिम भरपाईचा आदेश दिला.

मग जबाबदार कोण?

भरपाईचं दार उघडलं ते रुदुल शाह प्रकरणात, १९८३ मध्ये. बिहारमधला हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी त्याला एकूण ३५ हजार रुपये देवविले. पुढे नीलाबती बेहरा खटल्यात (१९९३) तत्त्व पक्कं झालं: राज्याने मूलभूत हक्क मोडला तर राज्याने भरपाई द्यायची.

पण ती सरकारी तिजोरीतून जाते. ज्याने कागद दाबून ठेवला त्याच्या पगारातून क्वचितच वसूल होते. अधिकार असलेल्या माणसाने बेकायदा आहे हे माहीत असून द्वेषाने किंवा भ्रष्ट हेतूने कुणाला डांबलं, तर भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे (कलम २५८). हेतू सिद्ध करणं मात्र फार अवघड, आणि कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्यासाठी लोकसेवकावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं मानलं जातं, हा एक चांगला बदल. निष्कारण अटक घडवून आणणाऱ्या तक्रारदाराकडून मिळणारी भरपाई अजूनही जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे. चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांसाठी स्वतंत्र कायदा करा, असं विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात सुचवलं होतं. तो कायदा झालेला नाही.

‘गुन्हेगारांना मोकळं सोडायचं का?’

नाही. साक्षीदारांना धमकावणाऱ्याला आत ठेवायचे अधिकार न्यायालयाला आहेत आणि राहावेत. पण दिरंगाईचा तोटा आधी पीडितांना होतो, हे आपण विसरतो. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. अपिलाचा निकाल काहीही लागो, एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या घरच्यांकडे अंतिम उत्तर नव्हतं.

‘अधिकाऱ्यांना जबाबदार धरलं तर पोलीस कामच करणार नाहीत’ हा दुसरा आक्षेप. प्रामाणिक चुकीसाठी कुणाला तुरुंगात टाका, असं इथे कुणी म्हणत नाही. कारण नोंदवा, मुदत मोजा आणि हुकूम आला की दार उघडा, एवढंच मागणं आहे. वैद्यकीय अधिकारी शवविच्छेदनाच्या अहवालावर नाव आणि वेळ लिहितो. तसंच कोठडी वाढवणाऱ्या प्रत्येक कागदावर नाव आणि कारण असावं.

घरच्यांनी काय करायचं

एक वही घाला. पहिल्या रिमांडची तारीख, लावलेली सगळी कलमं, प्रत्येकाची कमाल शिक्षा आणि दोषारोपपत्राची तारीख तिच्यात लिहा. साठावा किंवा नव्वदावा, एक तृतीयांश आणि निम्म्याचा दिवस आधीच काढून ठेवा. प्रत्येक तारखेला आरोपीला हजर केलं का, तहकुबी कोणी मागितली, हे रोजनाम्यावरून, म्हणजे कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीवरून, उतरवा. जामिनाच्या अर्जात ‘दिरंगाई आमची नाही’ हे दाखवायला हाच कागद कामी येतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १५१०० ह्या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी नोंदवता येते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि तुरुंग अधीक्षक तिचे सदस्य. काळ भरला असेल तर अधीक्षकाला आणि ह्या समितीच्या सचिवांना एकाच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या पोचेवर तारीख असते. पुढे कुणी ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणालं, तर न्यायालयासमोर तीच ठेवायची.